पैंजणाची साक्ष

चेन्नई मागे टाकून पूर्व किनारी रस्त्याने महाबलीपुरमच्या दिशेने निघाले की सुमारे ४० किलोमीटरवर, मुट्टुकाडूची खाडी ओलांडल्यानंतर, कोवलम हे कोळ्यांचे गाव लागते. केरळातले विख्यात कोवळम निराळे. नावाचा सारखेपणा एवढाच दोहोंतला संबंध. अर्काटच्या नवाबाच्या अमदानीत येथे ‘सआदत बंदर’ नावाचे ठाणे होते आणि १७५२ साली रॉबर्ट क्लाइव्हने ते जिंकून घेतले, एवढीच काय ती इतिहासग्रंथांनी या गावाची दखल घेतली. तटबंदी गेली, बंदर गेले. राहिले ते वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, शंकराचे देऊळ, माउंट कार्मेलच्या मातेचे १८०८ सालचे चर्च, तमीम अन्सारींचा दर्गा आणि मासळीच्या भोवती फिरणारा दिनक्रम.

हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान अशी तिन्ही समाजांची माणसे जेथे इतकी जवळ राहतात, तेथे पोशाखात, खाण्यात, सणावारात भेद दिसणारच. पायातला चांदीचा कोलुसू मात्र या भेदांची फारशी पर्वा करीत नाही. जाळ्यातली मासळी निवडणाऱ्या बाईच्या पायात तो असतो, चर्चच्या पायऱ्या चढणाऱ्या मुलीच्या पायात असतो, दर्ग्यात मन्नत घेऊन आलेल्या आईच्या कडेवरील तान्हुल्याच्या पायातही असतो. दागिना या नात्याने तो साधाच. सोने पायात घालू नये, कारण ते लक्ष्मीचे रूप, हा संकेत दक्षिणेत आणि महाराष्ट्रात सारखाच पाळला जातो. त्यामुळे मानमरातबाच्या उतरंडीत पैंजणाची जागा शब्दशः तळाशी आहे. परंतु तमिळ परंपरेने आपल्या एका श्रेष्ठ महाकाव्याचे नाव ठेवताना मुकुटाची, हाराची किंवा मंगळसूत्राची निवड केली नाही. तिने पैंजण निवडला. ही निवड आकस्मिक नाही, हे त्या दागिन्याचा घरातला, लोककथेतला आणि काव्यातला प्रवास एकत्र पाहिला असता ध्यानात येते.

प्रथम शब्दांकडे पाहावे. मराठीत जसे वाळे, तोरड्या, साखळ्या, पैंजण, चाळ आणि घुंगरू हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत, तसेच तमिळमध्येही आहे. तान्ह्या मुलाच्या पायात तंडै, मुलीच्या आणि गृहिणीच्या पायात कोलुसू, विवाहितेच्या पायाच्या बोटात मेट्टी, नर्तकीच्या पायात सलंगै, आणि प्राचीन काळी वीर पुरुषाच्या पायात कऴल. शिलंबु हा या सर्वांत जुना आणि प्रौढ शब्द. तो आतून पोकळ असलेल्या पैंजणाचे नाव आहे. त्या पोकळीत मोती, माणके किंवा साधे खडे घालीत. त्यांना परल् म्हणत. चालताना हे परल् आत आपटत आणि पैंजण निनादे. शिलंबु या धातूचा अर्थच मुळी निनादणे, घुमणे असा आहे. म्हणजे डोळ्यांना दिसणारा भाग हे या दागिन्याचे केवळ आवरण होय. त्याचे मोल आत, आणि ते बाहेर कळते ते आवाजाने.

घर आणि हा आवाज यांचे नाते फार जुने आहे. तान्ह्या मुलाला पहिले वाळे बहुधा आजोळहून येतात. तमिळ घरात मामाच्या आहेराला जे महत्त्व आहे ते मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको. मूल रांगू लागले की आईचे लक्ष चुलीकडे आणि कान वाळ्यांकडे असतात. आवाज थांबला की ती उठते. येथे पैंजण हे मायेचे साधन आहे. मुलगी वाढते, आवाज तोच राहतो, ऐकणाऱ्यांचे हेतू मात्र बदलत जातात. ती अंगणात आहे की परसात, जिन्यावर आहे की उंबरठ्याबाहेर गेली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना न पाहता कळू लागते. सासरी आल्यावर तर सुनेची दिवसभराची हालचाल त्या नादातून सबंध घराला ठाऊक असते. भल्या पहाटे कोणाची झोप मोडू नये म्हणून पावले दाबून चालण्याची कला सुना शिकतात, ती याच दागिन्यापायी. आईचे जे कान जपणुकीसाठी उघडे होते, त्यांच्याच जागी पाळत ठेवणारे कान कधी येतात, हे कोणाच्याच लक्षात येत नाही.

कोवलमच्या उत्तरेला लागूनच असलेल्या मुट्टुकाडूला १९९६ साली ‘दक्षिणचित्र’ हे संग्रहालय उघडले. दक्षिणेतील निरनिराळ्या भागांतली जुनी घरे मूळ ठिकाणाहून उतरवून तेथे पुन्हा उभारली आहेत. त्यांत चेट्टिनाडच्या व्यापाऱ्याचे घर आहे. दर्शनी भागात पुरुषांचे व्यवहार, मध्ये उघडा चौक, त्याच्याभोवती ओसरी आणि खोल्या, आणि मागे स्वयंपाकघर: अशा घरात दृष्टी जिथे अडते तिथे आवाज पोचतो. व्यापाऱ्याला आपल्या बैठकीवरून न उठता आतल्या भागात कोण चालले ते समजत असणार. या चेट्टिनाडच्या नगरत्तार व्यापाऱ्यांच्या परंपरेनुसार त्यांचे मूळ गाव कावेरीच्या मुखाशी वसलेले पुहार. शिलप्पदिकारम् या महाकाव्याचा आरंभ होतो तो याच पुहारमध्ये, अशाच व्यापारी घरात.

त्या काव्याकडे वळण्यापूर्वी त्याच्याही आधीची एक चाल पाहणे आवश्यक आहे. संघम् साहित्यात ‘शिलंबुकऴि नोन्बु’ नावाच्या विधीचे उल्लेख येतात. विवाहापूर्वी मुलीच्या पायांतले कुमारिकेचे पैंजण उतरवण्याचा तो विधी. माहेरच्या अंगणात वाजलेला आवाज माहेरीच ठेवून मुलीने जावे, असा त्याचा आशय असावा. ऐंकुरुनूरु या संग्रहातल्या एका कवितेत मुलगी प्रियकराबरोबर निघून गेलेली आहे, आणि तिच्या आईला एकच गोष्ट डाचते आहे: पैंजण उतरवण्याचा विधी तुमच्या घरी झाला तर झाला, पण निदान लग्न तरी आमच्या घरी लागावे, असे त्या मुलाच्या आईला कोणी सांगेल का? रोष नाही, शाप नाही. आपल्या मुलीच्या पायांतला पैंजण आपल्या हाताने उतरवण्याचा हक्क गेला, ही एका आईची व्यथा इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच कोणी सांगितली असेल. पैंजण कोणी घालावा, कोणी उतरवावा आणि कोणाच्या अंगणात, हा स्त्रीवरील अधिकाराचा प्रश्न आहे, याची जाण त्या काळच्या कवींना होती.

लग्नानंतर मेट्टी येते. विवाहविधीत वराने वधूचे पाऊल हातात घेऊन पाट्यावर ठेवावयाचे आणि बोटात मेट्टी घालावयाची, मग दोघांनी अरुंधतीचे दर्शन घ्यावयाचे, अशी रीत आहे. पुरुष स्त्रीच्या पायाला सर्वांदेखत हात लावतो असा संसारातला हा बहुधा एकमेव क्षण. पुढे नवरा वारला तर तालीबरोबर मेट्टीही उतरते. अशा रीतीने स्त्रीच्या आयुष्यातला प्रत्येक टप्पा तिच्या पायांवर लिहिला जातो, आणि हे लिहिणारे हात बहुतेक वेळा दुसऱ्यांचे असतात.

मात्र पैंजणाला आणखी एक बाजू आहे, ती अर्थशास्त्राची. समुद्रावर जगणाऱ्या गावांत मिळकत एकसारखी नसते. ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो. यांत्रिक होड्यांना पूर्व किनाऱ्यावर दरवर्षी १५ एप्रिल ते १४ जून असे ६१ दिवस मासेमारीची बंदी असते. अशा दिवसांत अडगुकडै, म्हणजे गहाणवटीचे दुकान, हाच अनेक घरांचा आधार. आधी सोन्याचा मणी जातो, तो नसेल तर चांदी जाते. जमीन नवऱ्याच्या नावावर, होडी नवऱ्याची किंवा सावकाराची. बाईचे म्हणून जे काही असते ते तिच्या अंगावर असते, आणि गरिबीत तर ते पायांतच असते. पायांतला आवाज बंद झाला की शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळते, या घरात सध्या ओढगस्त आहे. मासळी पुन्हा लागली की आवाज परत येतो. कधी कधी येत नाही.

शिलप्पदिकारम् या काव्याची कथा नेमकी या ठिकाणी सुरू होते. इळंगो अडिगळ यांच्या नावावर असलेल्या या काव्याच्या कालाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पुष्कळ अभ्यासक ते इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास ठेवतात. शतकानुशतके ताडपत्रांत राहिलेले हे काव्य १८९२ साली उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी संपादून छापले तेव्हा आधुनिक वाचकाच्या हाती आले. पुहार, मदुरै आणि वंजी असे त्याचे तीन कांड चोळ, पांड्य आणि चेर या तीन राज्यांत फिरतात. कोवलन हा पुहारच्या श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा. कण्णगी त्याची पत्नी. माधवी या नर्तकीच्या नादी लागून तो घरदार विसरतो, आणि त्या काळात कण्णगीच्या पायांत पैंजण नसतात, असे कवी आवर्जून सांगतो. इंद्रोत्सवाच्या वेळी समुद्रकिनाऱ्यावर गाता गाता माधवीशी त्याचे बिनसते. तो घरी येतो तेव्हा हाती काही उरलेले नसते. आपली लाज तो बायकोला सांगतो, आणि तिला वाटते की पैशासाठीच हा संकोच. पैंजण आहेत, घ्या, असे ती म्हणते.

या एका वाक्याने कथेला वळण लागते. कोवलन ते पैंजण भांडवल म्हणून घेतो आणि नव्याने व्यापार करण्यासाठी दोघे पायी मदुरैला जातात. तेथे तो एकच पैंजण घेऊन बाजारात निघतो; दुसरा कण्णगीजवळ राहतो. कवीने ही गोष्ट सहज सांगितल्यासारखी सांगितली आहे, पण सबंध काव्याचा तोल तिच्यावर आहे. पैंजण हा जोडीचा दागिना. एकट्या पैंजणाविषयी कोणीही काहीही म्हणू शकतो. जोडीतला दुसरा जिच्याजवळ आहे तिच्यापुढे खोटे टिकत नाही. राणीचा पैंजण चोरून पचवलेल्या राजसोनाराला कोवलनच्या हातातल्या पैंजणात स्वतःची सुटका दिसते. तो राजाकडे जातो आणि चोर सापडला असे सांगतो. पांड्य राजा नेडुंजेऴियन त्या वेळी रुसलेल्या राणीची समजूत घालण्यासाठी तिच्या महालाकडे निघालेला असतो. न्यायासनावर बसावे, आरोपीला समोर बोलवावे, पैंजण तपासावा, यांतले काहीही न करता तो आज्ञा देतो. चोराला मारून पैंजण आणला जातो.

पुढचा प्रसंग दक्षिणेत लहान मुलालाही ठाऊक आहे. विस्कटलेल्या केसांची एक स्त्री हातात एक पैंजण घेऊन राजद्वारी उभी राहते. राजा विचारतो, तू कोण. ती आपले नाव, गाव, नवऱ्याचे नाव सांगते आणि विचारते की माझ्या पैंजणात काय आहे ते तुला ठाऊक आहे का. राजा म्हणतो, आमच्या पैंजणात मोती होते. ती सांगते, माझ्यात माणके आहेत. कोवलनकडून घेतलेला पैंजण मागवला जातो, ती तो फोडते, आणि आतले माणिक उसळून राजाच्या तोंडापर्यंत उडते. राजा स्वतःलाच चोर म्हणत कोसळतो आणि मरतो. राणीही त्याच्या मागोमाग जाते. त्यानंतर मदुरै जळते.

या प्रसंगाकडे सामान्यतः पातिव्रत्याच्या तेजाचा आविष्कार म्हणून पाहिले जाते, आणि कवीचाही तसा अभिप्राय आहे. पण तेवढ्यावर थांबले तर एक महत्त्वाची गोष्ट निसटते. कण्णगी दरबारात येते ती शाप देण्यासाठी येत नाही. ती पुरावा घेऊन येते. तिचा युक्तिवाद मुद्देसूद आहे: वस्तू कोणाची हे तिच्या बाहेरच्या रूपावरून ठरणार नाही, आत काय आहे यावरून ठरेल, आत काय आहे ते ज्याची वस्तू त्यालाच ठाऊक, आणि ते सिद्ध करण्यासाठी वस्तू फोडावी लागेल. या क्षणापर्यंत पैंजणाचा आवाज स्त्रीविषयी इतरांना माहिती देत होता. दरबारात तो प्रथमच तिच्या बाजूने बोलतो. त्यासाठी तो पायांतून निघून हातात यावा लागला.

वाल्मीकिरामायणातला एक प्रसंग येथे आठवणे अपरिहार्य आहे. सुग्रीव सीतेने टाकलेले दागिने रामापुढे ठेवतो, तेव्हा लक्ष्मण म्हणतो की मला केयूरे आणि कुंडले ओळखता येत नाहीत. नूपुर तेवढे ओळखतो, कारण रोज तिच्या पायांना वंदन करीत होतो. तेथेही पैंजण साक्ष देतो. पण ती साक्ष खाली झुकलेल्या दृष्टीची आहे, आणि ती देणारी स्त्री तेथे हजर नाही. तिच्या वतीने दीर बोलतो. कण्णगी स्वतः उभी आहे, आणि पैंजण तिने राजाच्या डोळ्यांसमोर धरला आहे. भारतीय काव्यपरंपरेत नूपुराची ही दोन रूपे शेजारी शेजारी ठेवून पाहिली की दुसऱ्याचे वेगळेपण ठळक होते.

लोकस्मृतीने नेमके हेच वेगळेपण जपून ठेवले. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जानेवारी १९६८ मध्ये, दुसऱ्या जागतिक तमिळ परिषदेच्या निमित्ताने, कण्णगीचा पुतळा उभारण्यात आला. तिच्या पायांत पैंजण नाही, तो हातात आहे. तमिळनाडूच्या खेड्यांत अम्मनच्या उत्सवांत ‘कै शिलंबु आट्टम्’ नावाचे नृत्य होते. त्यात नर्तक पोकळ पैंजण हातात धरून वाजवतात. ‘कै’ म्हणजे हात. केरळात कोडुंगल्लूरच्या भगवतीचे नाते लोकपरंपरेने कण्णगीशी जोडले आहे, आणि तेथील भरणी उत्सवात अंगात येणाऱ्या वेळिच्चप्पाडांची खूण म्हणजे तलवार आणि चिलंबु. श्रीलंकेत ती पत्तिनी देवी झाली. सिंहली बौद्ध आणि तमिळ हिंदू दोघेही तिला मानतात, तिचा पैंजण हीच तिची पूज्य वस्तू, आणि कँडीच्या एसळ पेराहेर या मिरवणुकीत तिच्या देवालयाचा स्वतंत्र ताफा असतो. कथेतले तपशील गावोगाव बदलले, धर्म बदलले, भाषा बदलल्या; पैंजण मात्र सर्वत्र तिच्याबरोबर राहिला.

तथापि समीक्षकाला या काव्याची एक अवघड बाजू नजरेआड करता येत नाही. काव्यातच असे सांगितले आहे की पांड्य राज्यावर आलेले अरिष्ट टळावे म्हणून कोर्कैच्या वेट्रिवेर्चेऴियनने कण्णगीला एका दिवसात १,००० सोनारांचा बळी दिला. एका सोनाराने खोटे सांगितले. त्याच्या व्यवसायाचे म्हणून हजार मारले गेले. या हजारांपैकी कोणाच्याही हातातला पैंजण कोणी तपासला नाही, कोणाच्याही बायकोला दरबारात उभे राहू दिले नाही. पुराव्याशिवाय झालेल्या एका वधाविरुद्ध ज्या काव्याने इतका मोठा आवाज उठवला, त्याच्याच पानांत पुराव्याशिवाय झालेले हजार वध शांतिकर्म म्हणून येतात. कवीने त्यावर भाष्य केलेले नाही. कण्णगीचा आदर्श सांगताना हे वगळले जाते, आणि ते वगळल्यामुळे तिचा प्रश्न लहान होतो. वस्तू फोडून पाहा, असे ती म्हणाली होती. तिच्या नावाने झालेल्या हिंसेलाही तोच निकष लावावयास हवा.

सोनाराविषयीचा संशय भारतीय भाषांतल्या म्हणींतही भरपूर आहे, आणि मराठी त्याला अपवाद नाही. प्रत्यक्षात पैंजण घडवणाऱ्या हातांचे जग कष्टाचे आहे. तमिळनाडूत सेलमचे कोलुसू प्रसिद्ध आहेत. महाराष्ट्रात तीच ख्याती कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातील हुपरी या गावाची. चांदी आटवणे, तार ओढणे, कड्या जुळवणे, डाग देणे, घुंगरू बसवणे, झिलई करणे ही कामे दोन्हीकडे बहुतांशी घराघरांतून वाटली जातात, आणि कड्या जोडण्याच्या कामात बायकांचा हात मोठा असतो. हुपरीच्या एखाद्या सोप्यात जोडलेली साखळी कोण्या अनोळखी गावच्या नवरीच्या पायात वाजते. जोडणारीला ती नवरी ठाऊक नसते आणि नवरीला ती.

पैंजणाच्या शेवटाशीही मराठी माणसाचा संबंध आहे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून गलाईचा, म्हणजे सोने-चांदी आटवून शुद्ध करण्याचा, व्यवसाय घेऊन माणसे भारतभर गेली. तमिळनाडूतल्या लहानमोठ्या शहरांच्या सराफ बाजारांत विट्याकडची मराठी बोलणारी गलाईवाल्यांची घरे आहेत. झिजलेले, तुटलेले, मोडीत काढलेले आणि गहाणातून न सुटलेले दागिने अखेर मुशीत येतात. मुशीत गेल्यावर वाळे कोणते, नवरीचा कोलुसू कोणता आणि विधवेने उतरवलेली मेट्टी कोणती, हे ओळखू येत नाही. भेसळ वेगळी होते, चांदी उरते, आणि तिच्यातून पुन्हा तार ओढली जाते. पावसाने दगा दिला म्हणून माणदेश सोडून आलेल्या माणसाच्या मुशीत समुद्राने दगा दिलेल्या घराची चांदी वितळावी, यात दोन दुष्काळांची भेट आहे.

नर्तकीच्या सलंगैची कथा याहून निराळी वाटते, पण ती याच प्रश्नाची दुसरी बाजू होय. शिलप्पदिकारम् या काव्यात माधवीच्या पहिल्या नृत्यप्रयोगाचे वर्णन इतके तपशीलवार आहे की रंगभूमीच्या अभ्यासकांना ते साधनग्रंथासारखे उपयोगी पडते. ज्या कावेरीच्या खोऱ्यात हे पुहार वसले होते तो प्रदेश १६७६ पासून तंजावरच्या मराठ्यांच्या सत्तेत आला, आणि दुसऱ्या सरफोजीच्या (१७९८–१८३२) आश्रयाखाली पोन्नय्या आणि त्याच्या बंधूंनी, म्हणजे तंजावर चतुष्टयाने, आजच्या भरतनाट्यमच्या मांडणीला आकार दिला. एकाच समाजाने सलंगै देवापुढे आणि दरबारात नाचवली, आणि ती बांधणारीला घरात मात्र जागा दिली नाही. मराठीत ‘पायात चाळ बांधणे’ या वाक्प्रचाराला जो तुच्छतेचा वास आहे, त्याचे मूळ याच दुटप्पीपणात आहे. १९४७ च्या मद्रास कायद्याने मुली देवाला वाहण्याची प्रथा बंद केली. त्याच्या अगोदरच, १९३६ साली, रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी कलाक्षेत्राची स्थापना केली होती. पुढे कोवलमकडे येणाऱ्या याच किनाऱ्यावर तिरुवान्मियूरला ती संस्था स्थिरावली. नृत्य प्रतिष्ठित घरांतल्या मुलींचे झाले. परंपरेने ते जपलेल्या घराण्यांतल्या स्त्रिया मात्र हळूहळू दृष्टिआड झाल्या. सलंगैचा आवाज राहिला, ती बांधणारे पाय बदलले.

दृष्टिआड झालेली स्त्री लोककथेत मात्र परत येते. मध्यरात्री ऐकू येणारा पैंजणाचा आवाज हा दक्षिणेतल्या भुताखेतांच्या गोष्टींचा कायमचा भाग आहे. मोहिनी दिसण्यापूर्वी ऐकू येते. १९९३ साली आलेल्या ‘मणिचित्रत्ताळ्’ या मलयाळी चित्रपटाने ही कल्पना घराघरांत पोचवली. त्यातली नागवल्ली ही तंजावरहून आणलेली नर्तकी, आणि बंद खोलीतली तिची घुंगरे काही केल्या गप्प होत नाहीत. या कथांतल्या बहुतेक बायका अन्यायाने मेलेल्या असतात. जिवंतपणी ज्यांच्या पायांच्या आवाजावर घराने पाळत ठेवली, त्याच आवाजाने मेल्यानंतर त्या घराची झोप मोडतात. दरबारापर्यंत पोचू न शकलेल्या कण्णगींना लोककथेने दिलेला हा न्याय म्हटला पाहिजे.

हा आवाज कोणाच्या मालकीचा, हा वाद अजून मिटलेला नाही. डिसेंबर २००१ मध्ये मरीनावरचा कण्णगीचा पुतळा हलवण्यात आला. वाहनाची धडक बसून चौथऱ्याचे नुकसान झाले असे कारण देण्यात आले, त्यावरून राजकारण पेटले, आणि जून २००६ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. तिच्या बाजूने आणि विरुद्ध जे बोलले ते प्रामुख्याने पुरुष होते. २०१९ साली तमिळनाडूच्या तत्कालीन शालेय शिक्षणमंत्र्यांनी मुलींनी शाळेत कोलुसू घालून येऊ नये, त्या आवाजाने मुलांचे चित्त विचलित होते, असे मत मांडले. त्यावर टीकाही झाली. ज्या समाजाने शतकानुशतके मुलीच्या पायात आवाज बांधला, त्यानेच तिला आता आवाजाबद्दल दोष द्यावा, यातली विसंगती त्या वर्गातल्या मुलींना वेगळी समजावून द्यावी लागणार नाही. बांधणे आणि काढायला लावणे या दोन्ही आज्ञांत तिला काय हवे हे विचारलेलेच नाही.

कण्णगीच्या प्रश्नाचे मोल येथे पुन्हा प्रत्ययास येते. शिलंबु बाहेरून पाहणाऱ्याला एकसारखाच दिसतो. आत मोती आहेत की माणके, हे जिचे पाय त्याला वाहतात तिला ठाऊक असते. राजाने विचारले असते तर कोवलन वाचला असता आणि मदुरैही वाचली असती. विचारण्याला त्या दिवशी सबंध राजवाड्यात कोणाला सवड नव्हती. कोवलमच्या किनाऱ्यावर सकाळी लिलाव संपल्यावर बायका टोपल्या डोक्यावर घेऊन निघतात तेव्हा ओल्या वाळूत कोलुसूचा आवाज फारसा उमटत नाही. डांबरी रस्त्याला लागल्यावर तो स्पष्ट ऐकू येतो. त्या आवाजावरून कोण कोठे चालली एवढेच जग आजवर ओळखत आले आहे. तिच्या पैंजणात काय आहे, हे तिलाच विचारावे लागेल.